गाडी अडकायला हवी: ध्रुवीय मोहिमेच्या वाहनाचा ठोकळ्यांचा संच

सांगलीच्या बाजारपेठेत गेल्या दिवाळीपासून ध्रुवीय मोहिमेच्या वाहनाचा एक ठोकळ्यांचा संच विक्रीस आला असून, विश्रामबागेत आम्ही काही पालक मिळून चालवत असलेल्या खेळणी-वाचनालयासाठी तो विकत घेण्यात आला. एकाच साच्याचा हा संच दोन-तीन निरनिराळ्या नावांच्या खोक्यांतून विकला जातो, त्यामुळे नाव सांगण्यापेक्षा वर्णन करणेच ग्राहकाला अधिक उपयोगी पडेल. मधोमध सांधा असलेली, दोन डब्यांची, रबरी पट्ट्यांवर चालणारी नारिंगी गाडी. तिच्यामागे ओढायची घसरगाडी. त्या घसरगाडीवर ठेवता-उचलता येणारी प्रयोगशाळेची खोली. बर्फात भोक पाडणारे यंत्र, दोर गुंडाळायची विंच, तीन माणसे, एक ध्रुवीय अस्वल आणि एक पेंग्विन असा त्याचा सरंजाम आहे. तुकडे पाचशेच्या आसपास आहेत, खोक्यावर सात वर्षांपुढील वय लिहिले आहे आणि किंमत दोन हजारांच्या थोडी वर जाते.

अशा संचांची परीक्षणे बहुधा जोडणी कशी झाली आणि तयार वस्तू कपाटात कशी शोभते यावर लिहिली जातात. आमच्याकडे संच घरी नेला जातो, परत येतो, पुन्हा दुसऱ्या घरी जातो, आणि वाचनालयाच्या सतरंजीवरही मुले त्याच्याशी तासन्‌तास खेळतात. त्यामुळे गाडी जोडून झाल्यावर तिच्याशी काय करता येते, एवढ्याच अंगाने मी त्याकडे पाहिले आहे. आधीच सांगते की वाहन म्हणून हा संच उत्तम आहे, मात्र मोहीम म्हणून तो अर्धवट आहे. गाडी आखणाऱ्याने सुटकेची सारी साधने दिली, पण सुटका ज्यातून करायची ते संकटच द्यायचे राहून गेले.

जोडणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ठोकळे एबीएस प्लास्टिकचे आहेत, डोक्यावरच्या बटणांमधले अंतर ८ मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर हे सर्वत्र रुळलेले माप पाळलेले आहे, त्यामुळे घरात आधीपासून असलेले बहुतेक ठोकळे यात बसतात. पकड चांगली आहे. नवा असताना एखादा चपटा तुकडा सुटता सुटत नाही इतकी. पिशव्यांवर क्रमांक मात्र घातलेले नाहीत, म्हणून स्वयंपाकघरातील ताटे आणून रंगांप्रमाणे वाटणी करावी लागली, आणि पुस्तिकेच्या छपाईत काळा व गडद करडा हे दोन रंग इतके सारखे उमटले आहेत की खालचा सांगाडा जोडताना मोठ्या माणसांचीही फसगत होते. दोन तुकडे कमी निघाले, ते दुकानदाराने उघडलेल्या दुसऱ्या खोक्यातून काढून दिले. त्याची ही तत्परता नोंदवण्याजोगी आहे, कारण कंपनीच्या दूरध्वनीवरून काहीच उत्तर मिळाले नव्हते.

आता ज्यासाठी हा संच घ्यावा त्या गोष्टीकडे वळते. दोन डब्यांच्या मधला सांधा हा या संपूर्ण रचनेचा प्राण आहे. स्वीडनमध्ये १९८० पासून बनू लागलेल्या हॅग्लुंड्स बीव्ही-२०६ या वाहनाची ही रचना आहे, हे जाणकाराच्या लगेच ध्यानात येईल. त्या वाहनात पुढचा आणि मागचा असे दोन डबे असतात, चारही पट्ट्यांना इंजिनाची शक्ती पोहोचते आणि वळण घेण्यासाठी चाके न फिरवता मधला सांधाच वाकवला जातो, म्हणून उंचसखल बर्फावर पुढचा डबा चढणीला आणि मागचा उताराला असला तरी पट्टे जमीन सोडत नाहीत. खेळण्यात हे साधण्यासाठी एक उभी खुंटी आणि तिच्याखाली एक आडवी बिजागरी अशी जोडी दिली आहे. खुंटीमुळे गाडी डावी-उजवीकडे वळते आणि बिजागरीमुळे वर-खाली वाकते. आमच्या बाजूच्या मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही, कारण उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चौकात वळताना मागची ट्रॉली कशी फिरते हे ती रोजच पाहतात. उशीवरून, पुस्तकांच्या उतरंडीवरून, झोपलेल्या आजोबांच्या पायांवरून ही गाडी ज्या सहजतेने जाते, ती पाहिल्यावर आखणाऱ्याने कागदावरच्या चित्रासाठी आखलेले नाही, हातात धरून चालवण्यासाठी आखले आहे, याची खात्री पटते. सांध्यात थोडा सैलपणा ठेवला आहे, तोही हेतुपुरस्सर असावा. अगदी घट्ट सांधा असता तर दोन्ही डबे सरळ रेषेत अडकून राहिले असते आणि पहिल्याच ओंडक्याला बिजागरी निखळली असती.

पट्ट्यांच्या बाबतीत निवड योग्य असली तरी अंमलबजावणी डावी आहे. बर्फावर मोठी चाके चालत नाहीत असे नाही, पण चाकांवर विसंबलेल्या एका अचाट वाहनाची कथा ध्रुवीय इतिहासात प्रसिद्ध आहे. टॉमस पोल्टर यांनी आखलेले ‘स्नो क्रूझर’ हे अवाढव्य वाहन १९३९ मध्ये शिकागो येथे बांधण्यात आले. त्याची चाके सुमारे ३ मीटर व्यासाची होती, छपरावर विमान ठेवण्याची सोय होती आणि आत राहण्याची पूर्ण व्यवस्था होती. मात्र टायर गुळगुळीत होते. जानेवारी १९४० मध्ये अंटार्क्टिकावर उतरल्यावर ती चाके जागच्या जागी फिरू लागली, आणि शेवटी असे आढळले की गाडी उलटी चालवली तर जरा बरी चालते. तिचा सर्वांत लांबचा, १४८ किलोमीटरचा प्रवास असा पूर्णपणे मागे मागे जात झाला. ही हकिगत ऐकल्यापासून आमच्याकडची काही मुले ही गाडी आवर्जून उलटीच चालवतात, याची आखणाऱ्याने कल्पनाही केली नसेल.

या संचात प्रत्येक डब्याखाली दोन याप्रमाणे चार रबरी पट्टे आहेत. पट्टा अखंड रबराचा असल्याने शहाबादी फरशीवर तो धरतो आणि छान फिरतो, पण गुळगुळीत टाइल्सवर फिरतच नाही, नुसता घसरतो. सतरंजीवर सर्वांत चांगला चालतो. वजन पसरले की गाडी रुतत नाही हे दाखवण्यासाठी आम्ही परातीत रवा पसरून आधी चाकांची दुसरी एक गाडी आणि मग ही गाडी त्यावरून ओढून पाहिली. चाकांनी रव्यात खोल खोबणी पाडल्या. पट्ट्यांनी वरवर, कंगव्याने ओढावी तशी नक्षी उमटवली. हा प्रयोग सर्वांनी करावा, पण नंतर गाडी सुटी करून झटकावी, नाहीतर सांध्याच्या खुंटीत अडकलेल्या रव्याला दुसऱ्या दिवशी मुंग्या लागतात.

छप्पर ही या वाहनाची सर्वांत अवघड जागा आहे. मुलांना आत हात घालून माणसे बसवता आली पाहिजेत, म्हणजे छप्पर चटकन निघायला हवे. आणि मूल गाडी उचलते ते नेहमी वरून, म्हणजे छपराला धरून, त्यामुळे ते चटकन निघता कामा नये. या दोन्ही गरजा परस्परविरोधी आहेत आणि ठोकळ्यांच्या कोणत्याही वाहनाचा आखणारा येथेच कसाला लागतो. येथे पुढच्या डब्याचे छप्पर चार कोपऱ्यांतल्या चार बटणांवर टेकवलेले असून बाकीचा पृष्ठभाग गुळगुळीत तुकड्यांनी झाकला आहे. परिणाम असा की छप्पर सहज निघते आणि गाडी हमखास पडते. मागच्या डब्याला हाच प्रश्न बिजागरीने सोडवलेला आहे. त्याचे छप्पर पेटीच्या झाकणासारखे एका बाजूला उघडते आणि उचलताना सुटत नाही. एकाच संचात एक उत्तर चुकलेले आणि एक बरोबर आलेले पाहून आश्चर्य वाटते. दोन डबे दोन निरनिराळ्या माणसांनी आखले असावेत की काय, अशी शंका येते. उपाय सोपा आहे: दुसऱ्या कोणत्याही संचातील दोन बिजागऱ्या पुढच्या छपराला लावाव्यात.

पुढच्या छपरात एक चौकोनी झडप आहे. पुस्तिकेत तिच्याविषयी एक अक्षर नाही, त्यामुळे बराच काळ मुलांना ती नुसती शोभेची वाटत होती. गोठलेल्या समुद्रावरून जाणाऱ्या वाहनांना अशी झडप मुद्दाम ठेवलेली असते, कारण बर्फ फुटून गाडी पाण्यात गेली तर दारे उघडत नाहीत आणि आतल्यांना वरूनच बाहेर पडावे लागते. ही भीती काल्पनिक नाही. रॉबर्ट स्कॉट यांनी दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी तीन मोटार-घसरगाड्या नेल्या होत्या, त्यांपैकी एक जानेवारी १९११ मध्ये जहाजावरून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्राच्या तळाशी गेली. हे सांगितल्यावर झडपेचा उपयोग इतका वाढला की तिची बिजागरी आता ढिली झाली आहे. ‘बुडाली, बुडाली, वरनं काढ की रं!’ असा आरडाओरडा सतरंजीवरून ऐकू येतो आणि तीनही माणसे एकापाठोपाठ एक त्या झडपेतून बाहेर येतात. पुस्तिकेत या झडपेवर एक ओळ खर्च करायला काय हरकत होती, हे मला कळलेले नाही.

आणि येथेच माझ्या मुख्य तक्रारीला सुरुवात होते. संचात झडप आहे, विंच आहे, दोर आहे, हुक आहे, पुढे बर्फ ढकलायचे पाते आहे. पण बर्फ कोठेही नाही. तळाची एक साधी पांढरी फळी, दोन उतरत्या कडा आणि त्यांच्यामधली फट एवढे जरी दिले असते, तरी दहा-पंधरा तुकड्यांत हिमदरी तयार झाली असती. ध्रुवीय प्रवासातला खरा शत्रू थंडीपेक्षाही या हिमदऱ्या असतात. वरून बर्फाच्या पातळ पुलाने झाकलेल्या असल्यामुळे त्या दिसत नाहीत आणि गाडी वर आली की पूल ढासळतो. व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने १९५७-५८ मध्ये अंटार्क्टिका खंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमिनीवरून प्रथमच ओलांडला, तेव्हा त्यांच्या चार पट्ट्यांच्या ‘स्नो-कॅट’ गाड्या अशा दऱ्यांत पुन्हा पुन्हा अडकल्या. पुढचे पट्टे दरीवर अधांतरी लोंबकळत असलेल्या त्यांच्या गाडीचे छायाचित्र जगभर गाजले. त्या गाड्या मागून-पुढून दुसऱ्या गाड्यांचे दोर लावून ओढून काढाव्या लागत. ९९ दिवसांच्या त्या प्रवासात वाचण्यासारखे जे काही आहे, त्यातला बराचसा भाग गाडी अडकण्याचा आणि निघण्याचा आहे.

ज्या खेळण्यात काहीच बिघडत नाही, त्यात मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. नीट चालणारी गाडी खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे नेऊन झाली की संपली. आमच्याकडे पहिल्या काही दिवसांत नेमके हेच घडले: गाडीचे कौतुक झाले, ती फिरवली गेली आणि मग ती बाकावर पडून राहिली. दोन बुटकी मेजे हातभर अंतरावर ठेवून मुलांनी मध्ये दरी केली आणि तीवर वर्तमानपत्राचा कागद पसरून पूल केला, त्या दिवसापासून संचाला जीव आला. कागद कधी फाटेल ते कोणालाच ठाऊक नसते, गाडी कागदावरून अर्ध्यावर जाते, पुढचा डबा खाली कलतो, मागचा सांध्याच्या जोरावर वरच राहतो, आणि मग विंच, दोर, हुक, झडप या सर्वांना एकदम काम मिळते. दोन डब्यांचा सांधा किती विचारपूर्वक केलेला आहे, हेही तेव्हाच पुरते कळते. हे सारे मुलांनी आपल्या बुद्धीने केले आणि ते कौतुकास्पद आहे. तथापि ज्याने एवढी गाडी आखली, त्याने त्यांना निदान पांढऱ्या कागदाची एक घडी तरी खोक्यात घालून द्यायला हवी होती. खोक्याचा आतला भाग कोरा करडा सोडलेला आहे. तेथेच बर्फाचा नकाशा, भेगा आणि तळांच्या जागा छापल्या असत्या, तर खर्चात फारशी भर पडली नसती.

विंचविषयी एक तांत्रिक आक्षेप आहे. दोऱ्याची गुंडी एका दांडीवर फिरते आणि बाजूच्या मुठीने ती गुंडाळता येते, पण उलट फिरू नये म्हणून कोणतीही अटक नाही. भार लटकला की दोरा सर्रकन उलगडतो आणि वाचवलेली गाडी पुन्हा दरीत जाते. मुले एका बोटाने मूठ दाबून धरतात; त्यामुळे सुटकेला दोन माणसे लागतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर याने खेळाची रंगत वाढलेलीच आहे. तरी एकटे खेळणाऱ्या मुलासाठी, दांडीला घट्ट बसणारा घर्षणाचा एक तुकडा द्यायला हवा होता. दोराही शिवणकामाच्या दोऱ्याइतका बारीक आहे, तो लवकर गुंततो. आम्ही त्याऐवजी पतंगाचा साधा, मांजा न लावलेला दोरा घातला आहे.

इंजिनाच्या बाबतीत आखणाऱ्याने संधी घालवली. पुढचे झाकण उघडते, पण आत करड्या रंगाचा एकच साच्यातला तुकडा आहे. तो निघत नाही, उघडत नाही, त्यात करण्यासारखे काही नाही. तीन माणसांपैकी एक मिस्त्री आहे, त्याच्या हातात पाना आहे, आणि त्याने पान्याने काय करावे हे कोणालाच सांगता येत नाही. ध्रुवीय वाहनांचा इतिहास हा निम्मा बिघाडांचा इतिहास आहे. स्कॉट यांच्या उरलेल्या दोन्ही मोटार-घसरगाड्या इंजिन निकामी होऊन वाटेतच सोडून द्याव्या लागल्या. सोव्हिएत संघाने १९५९ मध्ये अंटार्क्टिकावर पाठवलेल्या ‘खारकोव्हचांका’ या महाकाय गाड्यांत तर इंजिन केबिनच्या आतूनच दुरुस्त करता येईल अशी सोय होती, म्हणजे मिस्त्रीला उणे पन्नासात बाहेर उभे राहावे लागू नये. चार-पाच सुट्या तुकड्यांचे, विंचने उचलून बाहेर काढता येईल असे इंजिन दिले असते तर गॅरेजचा एक संपूर्ण खेळ या संचात बसला असता; ज्या गावात कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आई-वडील काम करतात अशी मुले घराघरांत आहेत, तेथे तर तो हमखास रंगला असता.

प्रयोगशाळेची खोली हा संचातला दुसरा चांगला भाग आहे. ती घसरगाडीवरून उचलून जमिनीवर ठेवता येते, तिला दोन्ही बाजूंनी सारखीच खाच असल्यामुळे अशा दोन खोल्या असल्यास एकमेकींना जोडताही येतात. खऱ्या तळांची बांधणीही अशीच होते. भारताचे ‘भारती’ हे अंटार्क्टिकावरील केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले, ते १३४ मालवाहू कंटेनर एकमेकांना जोडून उभारलेले आहे. आणि ब्रिटनच्या हॅली-६ केंद्राच्या आठही खोल्या तर घसरपट्ट्यांवर उभ्या असल्याने, बर्फाला मोठी भेग पडू लागल्यावर २०१७ मध्ये त्या सुट्या करून ट्रॅक्टरांनी २३ किलोमीटर दूर ओढून नेण्यात आल्या. मुलांना हॅलीची गोष्ट फार आवडते, कारण ‘घर उचलून नेणे’ हा त्यांचा आधीपासूनचाच खेळ आहे.

खोलीत बर्फाचे नमुने ठेवायची चार खाचांची मांडणी आहे आणि नमुने म्हणून पारदर्शक निळसर नळकांडी आहेत. भोक पाडणाऱ्या यंत्राची दांडी मुठीने फिरते आणि खाली नळकांडे अडकून वर येते, ही कृती नेटकी जमली आहे. खऱ्या नमुन्यांत त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात आणि अंटार्क्टिकाच्या ‘डोम सी’ या ठिकाणी काढलेल्या नमुन्यांवरून सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतचे हवामान अभ्यासता आले आहे. एवढे सांगितल्यावर मोठी मुले गंभीरपणे नळकांड्यांवर वर्षे लिहू लागली. धाकट्यांनी मात्र दुसराच मार्ग काढला. त्यांनी खोलीची एक भिंत काढली, नळकांडी समोर मांडली आणि प्रयोगशाळेची गोळ्याची गाडी केली. काला खट्टा कोणता आणि रोझ कोणता हे विचारल्याशिवाय तेथे नमुना मिळत नाही. भिंत सहज निघते आणि परत बसते, म्हणून हे शक्य झाले. खोलीचा हा मोकळेपणा पुढच्या डब्यात नाही, कारण त्याची काच, खांब आणि छपराची पुढची कड असा एकच मोठा साचेबंद तुकडा वापरला आहे, आणि तो या गाडीच्या केबिनखेरीज दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचा नाही.

माणसे तीन: चालक, मिस्त्री आणि एक संशोधिका. संशोधिकेच्या टोपीखालून केसांची वेणी दिसते, एवढ्यावरूनच ती ओळखायची. पुस्तिकेत तिला नाव नाही. आमच्याकडे तिला अदिती म्हणतात, कारण १९८३ मध्ये निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह गेलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत या मूळच्या नागपूरच्या मराठी बाई होत्या, हे मुलांना सांगितले गेले. चिकटपट्ट्यांच्या पानावर मात्र परदेशी झेंडे आणि इंग्रजी अक्षरांतली नावे छापलेली आहेत. भारताचा झेंडा नाही, ‘मैत्री’ किंवा ‘भारती’ या अंटार्क्टिकावरील आपल्या केंद्रांचे नावही नाही, आणि हे देशात बनलेल्या व देशातच विकल्या जाणाऱ्या संचाला शोभत नाही. गाड्यांना नावे ठेवण्याची प्रथा फुक्स यांच्या तुकडीतही होती, त्यांच्या स्वतःच्या स्नो-कॅटचे नाव ‘रॉक अँड रोल’ होते. म्हणून दोन-चार कोऱ्या पट्ट्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. कोऱ्या पट्ट्या नसल्याने एका मुलाने वहीच्या कागदाची चिंधी कापून तीवर ‘आईचा आशीर्वाद’ असे लिहिले आणि घसरगाडीच्या मागच्या फळीला डकवले. आता ती तशीच ठेवायची असे सर्वानुमते ठरले आहे.

अस्वल आणि पेंग्विन एकत्र देणे ही या प्रकारच्या संचांतली जुनीच खोड आहे. अस्वल उत्तरेचे, पेंग्विन दक्षिणेचा. मुलांना हे ठाऊक असते आणि तीच मोठ्यांना सांगतात. कुत्र्यांची घसरगाडी दिलेली नाही हे मात्र बरे केले, कारण पर्यावरण-संरक्षणाच्या करारानुसार १९९४ पासून अंटार्क्टिकावर कुत्रे नेता येत नाहीत. पुस्तिकेच्या अखेरीस चित्रकथा आहे, ती एकदा वाचून झाली की तिच्याकडे कोणी वळत नाही.

पाण्याचा विषय मात्र सोडून देता येत नाही. सांगलीत २०१९ च्या महापुराच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात, त्यामुळे नारिंगी रंगाची कोणतीही गाडी येथे लवकरच बचावपथकाची होते, आणि ही गाडी तर झालीच. तीच सतरंजी मग कृष्णा होते, मेजे आयर्विन पूल होतात आणि अस्वलासह सर्वांना छपरावरून उतरवले जाते. खरी हॅग्लुंड्स गाडी पाण्यात तरंगते आणि पट्ट्यांच्या जोरावर पोहतही जाते. ही मात्र बादलीत सोडताच बुडते, कारण हिचा तळ उघडा आहे आणि एबीएस प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचित जडच असते. होडीसारखा एक बंद तळ दिला असता तर सांगली-मिरजेतच काय, नदीकाठच्या कोणत्याही गावात या संचाची उपयुक्तता दुपटीने वाढली असती.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात लिहिते. खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे; १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचे आहे आणि ते नसलेला संच स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. नळकांडी, पाना आणि हुक हे तुकडे इतके लहान आहेत की घरात तीन वर्षांखालील मूल असल्यास हा संच खाली पसरू नये. खोक्यावर सात वर्षे लिहिली असली तरी मोठे भावंड सोबत असेल तर सहा वर्षांचे मूलही खेळात पूर्णपणे सामील होते; जोडणी मात्र त्याच्याकडून होणार नाही. आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये सत्तर टक्क्यांवर गेल्यापासून परदेशी संच मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, त्या मानाने या संचाची किंमत रास्त म्हणावी लागेल.

याच कंपनीचा, जहाज आणि हेलिकॉप्टर असलेला मोठा संच दुकानात आहे आणि दुकानदार तो घेण्याचा आग्रह करतो. तो घेऊ नये, त्याच पैशांत हाच संच आणखी एक घ्यावा, असे माझे मत आहे. ध्रुवावर एकटी गाडी कोणी पाठवत नाही; किनाऱ्याकडून ‘मैत्री’कडे रसद नेणाऱ्या आपल्या पट्ट्यांच्या गाड्याही ताफ्यानेच निघतात, आणि दरीत लोंबकळणाऱ्या गाडीला बाहेर काढायचे तर वर दुसरी गाडी उभी असावी लागते. सध्या आमच्याकडे ते काम एक जुना लाकडी ट्रॅक्टर करतो, पण त्याला हुक नाही.